बाई पाचला येतात

गल्लीच्या वळणावर आल्या की बाई आधी खांद्यावरची पर्स सारखी करायच्या. मग छत्री मिटायच्या. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात तपासायच्या वह्यांचा गठ्ठा, त्यामुळं फाटक गुडघ्यानं ढकलायचं आणि म्हणायचं, "आले हं, अण्णा."

फाटकाच्या आत फरशीच्या बाकावर त्यांचे वडील बसलेले असायचे. ते म्हणायचे, "आलीस व्हय? सुटली शाळा?"

"सुटली."

झालं. रोजचं बोलणं एवढंच. तुमच्याही गल्लीत असं कुणीतरी असणार. त्यांचं बोलणं आपण ऐकत नाही, पण एखाद्या दिवशी ते झालं नाही तर हातातला चहाचा कप हातातच राहतो. साताऱ्यातल्या आमच्या गल्लीला पाच वाजल्याचं या तीन वाक्यांवरून कळायचं. आमच्या घरात घड्याळ होतं, पण ते मी स्वतः दुरुस्त केलेलं असल्यामुळं त्यावर घरात कुणाचा विश्वास नव्हता.

मी त्यांचा शेजारी. धंदा विम्याचा, म्हणजे बोलण्याचीच भाकरी. बाईंचा धंदा शिकवण्याचा, म्हणजे त्यांनीही दिवसभर बोलायचं. पण मी बोलून माणसं पळवून लावायचो आणि त्यांच्याकडं सुट्टीच्या दिवशीही मुलं येऊन बसायची. इंग्रजी शिकवायच्या. शाळा विनाअनुदानित. "पुढच्या वर्षी कायम करू" हे वाक्य त्यांनी इतकी वर्षं ऐकलं होतं, की भविष्यकाळ शिकवताना उदाहरण म्हणून त्या फळ्यावर तेच लिहायच्या. लग्न राहून गेलं. आई लवकर गेली. अण्णा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. दोघांचं घर, समोर एक बाक आणि एक कुरकुरणारं फाटक.

मग शाळेचे वर्ग कमी झाले आणि सगळ्यांत आधी बाई कमी झाल्या. चाळिशी ओलांडलेल्या बाईंना नवी शाळा कोण देणार? विहारातल्या एका भन्तेजींच्या, म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या, ओळखीनं थायलंडमधल्या एका गावातल्या शाळेत इंग्रजीच्या शिक्षिकेची जागा मिळाली. बाई आमच्याकडं येऊन बसल्या. जायचं तर अण्णांना सोडून कसं जायचं?

अण्णांनीच तिढा सोडवला. "आमी बरफात वर्सं काढली. तू जा. शाळा म्हंजी शाळा, हितली काय न् तितली काय. मी हाय की."

खंडाळ्याहून अण्णांचा पुतण्या आणि त्याची बायको राहायला आले. बाई कंदी पेढ्यांचा डबा घेऊन विमानात बसल्या. मी निरोपाचं भाषण तयार केलं होतं. आमच्या हिनं वेळेवर माझ्या हातात बाईंची बॅग दिली, म्हणून गल्ली वाचली.

तिथून रोज संध्याकाळी फोन. सुरुवात ठरलेली, "ऐका, गंमत सांगते."

एकदा शाळेत गुरूंना वंदन करायचा दिवस होता. मुलं रांगेनं गुडघ्यांवर सरकत पुढं आली आणि त्यांनी बाईंच्या हातात फुलांचा द्रोण ठेवला. त्यात वांग्याची फुलं आणि हरळी. आम्ही फोनभोवती गोळा झालेलो. अण्णा म्हणाले, "हरळी? आरं, ती उपटता उपटता आमचा बा म्हातारा झाला!" बाईंनी समजावलं, की हरळी कुठंही पसरते तशी विद्या पसरावी, आणि वांग्याचं फूल खाली मान घालून असतं म्हणून ते गुरूला द्यायचं. मग जरा थांबून म्हणाल्या, "पण दादा, फूल तोडलं की वांगं गेलंच ना? माझ्यापायी त्या पोरांनी किती वांगी घालवली असतील!" एवढा मान झाला आणि या बाईंच्या जिवाला लागलं काय, तर कुणाची तरी भाजी!

वैशाखातल्या पौर्णिमेला, बुद्धजयंतीला, त्या आपल्या रीतीप्रमाणं पांढरी साडी नेसून विहारात गेल्या. तिकडं पांढरे कपडे घातलेली बाई म्हणजे आठ शीलं घेतलेली, व्रतातली बाई. बाईंना हे ठाऊक नव्हतं. बसमध्ये लोक उठून जागा देऊ लागले. म्हाताऱ्या बायका हात जोडू लागल्या. दुपारी शाळेतल्या मैत्रिणीकडं मोठी पंगत होती. सगळ्यांची ताटं भरली आणि बाईंपुढं अगदी वाकून एक पेला पाणी ठेवलं. व्रतातली माणसं दुपारनंतर जेवत नाहीत.

"दादा, आयुष्यात इतका मान कधी मिळाला नव्हता," बाई फोनवर म्हणाल्या, "आणि इतकी भूकही कधी लागली नव्हती."

"अहो, मग सांगायचं ना, मी व्रतातली नाही म्हणून!"

"कसं सांगू? त्या म्हातारीनं माझ्या पाया पडून डोळे पुसले होते. मग म्हटलं, त्यांना वाटतंय ना, तर पाळूया. सकाळपर्यंत नाही जेवले."

मी असतो तर व्रत मोडून वर दोघांचा विमा उतरवला असता.

याच सुमाराला इकडं अण्णांचं काहीतरी सुटायला लागलं. आधी चष्मा, मग नावं. मग एक दिवस पाचला बाकावर बसून त्यांनी मला विचारलं, "बाई अजून आली न्हाई?"

"अण्णा, त्या थायलंडला आहेत ना?"

ते माझ्याकडं असे बघायला लागले, की जणू मीच काहीतरी वाईट बातमी आणली आहे. दुसऱ्या दिवशीही तेच. म्हणून तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, "आज जादा तास आहे." अण्णांचा चेहरा खुलला. त्यानंतर जादा तास, परीक्षा, पालकसभा, स्नेहसंमेलन. त्या वर्षी बाईंच्या शाळेत जेवढी स्नेहसंमेलनं झाली, तेवढी उभ्या जिल्ह्यात झाली नसतील. अंधार पडला की अण्णा विसरायचे आणि पुतणसून त्यांना आत न्यायची.

एप्रिलात बाई सुट्टीला आल्या. मी स्टँडवरून घेऊन आलो. दुपार टळलेली. फाटकातून आत शिरलो तर अण्णा बाकावरच होते. बाई समोर उभ्या राहिल्या. अण्णांनी बघितलं आणि सरकून जागा दिली.

"बसा. बाई शाळंत गेलीया. यील पाचला."

माझ्या हातातली बॅग तशीच राहिली. बाई वडिलांच्या शेजारी बसल्या.

"तुमचं काय काम हाय तिच्याकडं?" अण्णांनी विचारलं.

"सहज आले होते भेटायला."

"भेटा, भेटा. लय हुशार हाय. इंग्रजी असं बोलती, सायब ऐकून गप्प बसंल. तिच्या समोर तर म्या कदी म्हणलं न्हाई. पोरींच्या म्होरं म्हणू न्हाई, शेफारत्यात." आणि मग हळूच, "पर तिच्याबिगर घरात काय हाय वो?"

बाईंनी मान खाली घातली. मग उठल्या, आमच्या घरातून मागच्या दारानं बाहेर पडल्या. जाताना हिच्याकडून छत्री आणि एक जुनी पर्स मागून घेतली. मला काहीच कळेना. पाच वाजता वळणावरून बाई येताना दिसल्या. पर्स सारखी केली. छत्री मिटली. फाटक गुडघ्यानं ढकललं.

"आले हं, अण्णा."

"आलीस व्हय?" म्हातारा उठून उभा राहिला. "सुटली शाळा?"

"सुटली."

"आगं, मगाशी कोण बाई आल्ती. तुजी लय वाट बघून गेली बिचारी."

ती आख्खी सुट्टी बाई रोज पाचला मागच्या दारानं बाहेर पडून पुढच्या फाटकानं आत येत राहिल्या. दुपारच्या वेळात त्यांनी नोकरी शोधली. साताऱ्यातल्या शाळा झाल्या, सांगलीला दोन ठिकाणी मुलाखती झाल्या, आष्ट्यापर्यंत जाऊन आल्या. एका ठिकाणी त्यांचाच जुना विद्यार्थी मुलाखत घ्यायला बसला होता. तो उभा राहिला, पाया पडला, चहा पाजला आणि जागा भरल्याचं सांगितलं. शेवटी जायचा दिवस उगवला. "हे एक वर्ष," बाई हिला म्हणाल्या, "मग वहिनी, कायमची येते. मिळेल ते करीन. पण रोज पाचला मी आत यायला पाहिजे. नाही आले तर त्यांच्या मनातून मी पुसली जाईन."

त्यावरचा उपाय त्यांनीच काढला. तिकडं घड्याळ आपल्या दीड तास पुढं. त्या शाळेतून आधीच घरी आलेल्या असायच्या. आपल्याकडं पाच वाजले की त्या व्हिडिओ कॉल लावायच्या, फोन फळीवर टेकवायच्या, पर्स आणि छत्री घेऊन खोलीबाहेर जायच्या, दार लावून घ्यायच्या आणि पुन्हा आत यायच्या. इकडं बाकावर अण्णांच्या शेजारी मी, माझा फोन दोन्ही हातांत धरून. आधी बंद दार दिसायचं. मग ते उघडायचं.

"आले हं, अण्णा."

"आलीस व्हय? सुटली शाळा?"

फोनवर बोलतोय असं अण्णांना कधीच वाटलं नाही. त्यांच्या लेखी लेक घरी यायची, एवढंच. तिकडची घरमालकीण मात्र चक्रावली होती. ही बाई रोज संध्याकाळी नटून बाहेर येते, बंद दारापुढं उभी राहते आणि परत आत जाते! बाईंनी कसंबसं समजावल्यावर तीही रोज त्या वेळेला जिन्यात येऊन उभी राहायला लागली. छत्री हातात द्यायची.

एक दिवस घात झाला. बाई बाहेर गेल्या आणि वाऱ्यानं दार आपटून त्याचं कुलूप आपोआप लागलं. किल्ली आत, फोन आत. आम्हाला रिकामी खोली दिसतेय आणि बाहेरून दार वाजवल्याचा आवाज येतोय. मी आपला फोनमध्येच ओरडतोय, "बाई, ढकला! जोरात ढकला!" जसं काही मी ओरडल्यावर थायलंडमधलं कुलूप घाबरणार होतं.

अण्णा कासावीस झाले. "आरं, दार उघडा की कुनीतरी! पोरगी भाईर हाय!"

आणि मला सावरायची संधी न देता ते उठले, भिंतीला धरत धरत गेले आणि आमच्या गल्लीतलं ते कुरकुरणारं फाटक त्यांनी सताड उघडलं. मागं वळून म्हणाले, "आता यील."

थोड्या वेळानं घरमालकीण दुसरी किल्ली घेऊन आली आणि बाई खोलीत शिरल्या. अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, की बघ, एवढं सोपं होतं. त्या दिवसापासून पाचच्या आधी ते फाटक उघडून ठेवायचे आणि मगच बाकावर बसायचे.

वर्ष भरत आलं होतं. बाईंनी परतीचं तिकीटही काढलं होतं. त्याच्या आधीच, एका सकाळी अण्णा उठले नाहीत.

बाई दुसऱ्या दिवशी दुपारी पोचल्या. निघतानाच पांढरी साडी नेसून निघाल्या होत्या. तिकडच्या विमानतळावर लोकांनी वाट दिली, हात जोडले, पण दिवसभरात खायला कुणी विचारलं नाही, असं त्यांनी नंतर हिला सांगितलं. फाटकाशी गाडी थांबली तेव्हा त्या उतरल्या आणि आत न जाता आमच्या घरात येऊन बसल्या. समोर अंगणात माणसं जमलेली. खंडाळ्याची, गावाकडची, फौजेतले दोन म्हातारे. फुलं आली होती, मेणबत्त्या आल्या होत्या. नात्यातले एक वडीलधारे आमच्या दारात आले.

"आवं बाई, चला आता. चारला काढायचं ठरलंय. लोकं लांबची हायती."

"पाच वाजू द्या," बाई म्हणाल्या.

"आता पाचनं काय व्हनार हाय?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी, जन्मभर अनोळखी दारांत उभा राहून माणसांना मरणाबद्दल समजावून सांगणारा, दारातल्या चपला सारख्या करायला लागलो. आतून आमची ही आली आणि म्हणाली, "ती थांबा म्हणते ना, तर थांबा." आणि बाईंपुढं चहाचा कप ठेवला.

लोक थांबले.

पाचला बाई उठल्या. हिची ती जुनी पर्स खांद्याला लावली, छत्री घेतली, मागच्या दारानं बाहेर पडल्या. वळणावरून आल्या. पर्स सारखी केली. छत्री मिटली. फाटक गुडघ्यानं ढकलायला गेल्या, पण ते उघडंच होतं. आदल्या दिवसापासून माणसांची ये-जा होती. गुडघा हवेतच राहिला आणि बाईंचा जरासा तोल गेला.

"आले हं, अण्णा."

अंगणात एवढी माणसं, पण कुणी हललं नाही. खरं सांगतो, आम्ही सगळेच उत्तराची वाट बघत होतो.

बाई तेवढा वेळ थांबल्या. मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "सुटली."

आणि वडिलांच्या उशाशी जाऊन बसल्या.

थोडे दिवस राहून बाई परत गेल्या. कायमची यायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही, आम्हीही विचारलं नाही. पुतण्या खंडाळ्याला गेला, घराला कुलूप लागलं. अधूनमधून फोन येतो, कधी दुपारी, कधी रात्री. "ऐका, गंमत सांगते" म्हणतात आणि गंमत अर्ध्यातच सोडून वहिनींची तब्येत विचारतात. पाचला फोन कधीच करत नाहीत.

त्या फाटकाची कडी ढिली आहे. दिवसभराच्या वाऱ्यानं ते आपोआप लागतं. संध्याकाळी चहा झाला की मी जातो आणि ते उघडून, खाली एक दगड लावून येतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा ही दारातून म्हणाली, "अहो, रिकाम्या घराचं फाटक कशाला उघडताय?"

मी म्हटलं, "पोरगी भाईर हाय."