औषध येतंय

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळही नाही. नेकनूरजवळच्या एका गावात मी दूध संस्थेची सचिव आहे. सकाळी दिवसाची कामं कागदावर लिहायची, एकेक झालं की खोडायचं, ही माझी सवय. माझं काम चोख असतं असं लोक म्हणतात आणि ते खरं आहे. एक काम मात्र मी लिहिलंच नाही, त्यामुळे ते खोडायची वेळ आली नाही — पण थांबा, आधीचं सांगते. की ही पण माझी टाळाटाळच?

दुष्काळाचं वर्ष होतं. जनावरं चारा छावणीत, त्यांच्यामागं माणसंही तिथंच. छावणी आमच्या संस्थेचीच, म्हणून चारा आणि टँकर बघणं माझ्याकडं. सुनीता तिथं दोन म्हशी आणि तिची मुलगी राणी हिला घेऊन राहायची. राणी सहा वर्षांची. चालताना ती एका बाजूला कलू लागली, एक डोळा आत वळला. पुण्याला मेंदूत गाठ निघाली. रेडिएशनच्या वेळी तिचा बाप मच्छिंद्र ऊसतोडीवरून आला होता. पोरीला बरं वाटलं तसा तो परत गेला. मग आजार उलटला. त्या खेपेला सुनीताबरोबर मी गेले.

डॉक्टर म्हणाले, सध्या यावर औषध नाही. अशी मुलं थोडी असतात, म्हणून संशोधनाला पैसा मिळत नाही, जे चाललंय ते देणग्यांवर. सुनीतानं त्यातलं फक्त ‘सध्या’ धरून ठेवलं. तिला बाहेर बसवून डॉक्टर मला म्हणाले, “थोडे आठवडे आहेत. वडिलांना बोलावून घ्या.” मी हो म्हटलं.

एसटीत मी नुसती धुमसत होते. मुलं थोडी म्हणून औषध नाही — हा कसला हिशोब? पैसा नसेल तर पैसा उभा करू. माझं डोकं असंच चालतं. रडणाऱ्या बाईशेजारी गप्प बसणं मला जमत नाही, सभा बोलावणं जमतं.

छावणीतच सभा घेतली. एका दूधबिलातून लिटरमागं एक रुपया संशोधनाला द्यायचा, असा ठराव मांडला.

“सचिवबाई, पुण्याच्या डॉक्टरला बी चारा कमी पडला का?” कुणीतरी मागून म्हणालं.

“ते संशोधन खातंय काय बे, कडबा का पेंड?” दुसरा त्याला म्हणाला, आणि सगळे हसले.

मी समजावलं. दोनदा समजावलं. संशोधन आज केलं तर पुढं कधीतरी औषध निघेल, कुणाच्या तरी मुलाला मिळेल. कुणाच्या तरी! पाण्याला हंडे लावून बसलेल्या माणसांना मी हे सांगत होते. लोक उठायला लागले. मला इतका वैताग आला, की मी म्हटलं, “आपल्या राणीच्या औषधासाठी आहे.”

सगळे खाली बसले. मंजूर, मंजूर. हसणाऱ्यांनीही हात वर केले.

पैसा जिथं जायला हवा तिथंच गेला, सगळाच्या सगळा. आभाराचं पत्र आलं, संस्थेनं मला शाल दिली. इथवरचं मी कुणालाही सांगू शकले असते. चांगल्या कामासाठी थोडं इकडचं तिकडं बोलले — कोण नावं ठेवणार?

पण सुनीता त्या सभेत मागं बसली होती.

दुसऱ्या दिवसापासून दूध घालायला आली की ती विचारायची, “ताई, औषध निघालं का तिकडून?” मी म्हणायचे, येतंय. रोज येतंय. राणीचं बोलणं जड झालं, पाणी गिळवेना, आणि मी फॅटच्या मशीनवरून मान वर न करता म्हणायचे — येतंय.

मग एकदा ती म्हणाली, “ह्यांला बोलवून घेऊ का? पोरगी बापाची लई आठवन काढती.”

हो म्हणायला काय लागत होतं? पण कशासाठी बोलवायचं, तेही सांगावं लागलं असतं. मग ‘येतंय’चं काय केलं असतं? मी म्हटलं, “आत्ता कशाला? मुकादम खाडे धरील, पैसे कापील. औषध आलं की येतीलच.” ती बरं म्हणाली. माझं नियोजन कधी चुकत नाही, असं तिलाही वाटायचं.

राणी छावणीतच गेली. मच्छिंद्र पोचला तेव्हा माती देऊन झाली होती.

तेव्हापासून दर वर्षी मी त्या संशोधनासाठी देणगी गोळा करते. आता खरं तेच सांगते, की यातून आज कुणी वाचणार नाही. लोक ऐकतात, चहा पाजतात आणि देत नाहीत. फोटो हाय का पोराचा, असं विचारतात. मी चिडते. कुणावर, ते विचारू नका.

न मागता देतो तो मच्छिंद्र. तोडीवरून परतला की दूध केंद्रावर येतो, खिशातून नोटा काढतो. परवाही आला होता. म्हणाला, “ताई, आमच्या पोरीच्या औषधाला उशीर झाला. दुसऱ्या कुनाच्या होऊ नये.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “तुमी एवढं केलं. पर हिनं मला कावून बोलवलं न्हाई, तेवढं मला अजून कळंना. इचारलं की गप बसती. माझ्या मनातनं ती उतरलीच हाय.”

सुनीता दारात उभी होती, दुधाची किटली हातात घेऊन. तिला ऐकू गेलं होतं. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. इतक्या वर्षांत तिनं माझं नाव घेतलेलं नाही, त्या वेळीही घेतलं नाही.

मी मच्छिंद्रला पावती लिहून दिली आणि सुनीताच्या हातातली किटली घेऊन दूध मोजायला लागले.