हिल्केची शिट्टी

हॉलंडातल्या आमच्या फ्रीसलंडात ऑक्टोबर लागला की उत्तरेकडून रानहंसांचे थवे येतात आणि वसंतापर्यंत आमच्या कुरणांवर हक्काने चरतात. गाईंसाठी राखलेलं गवत फस्त करतात, वर घाण करून ठेवतात. शेतकरी त्यांच्या नावाने बोटं मोडतात आणि माझा नवरा हिल्के त्यांना शिट्टी वाजवून आणखी बोलावतो. असल्या माणसाशी मी लग्न केलं.

हिल्के हंस पकडणारा. त्याचे आजोबा पकडायचे ते बाजारात विकायला, हा पकडतो ते अभ्यासासाठी पायात नंबराची कडी घालून सोडून द्यायला. कुरणात जाळं दडवायचं, जवळ आपले शिकवलेले हंस बांधायचे, बुटक्या खोपटात जाळ्याचा दोर धरून बसायचं आणि लाकडी शिट्टी फुंकायची. ती ऐकून आपले हंस बोलू लागतात आणि त्यांचं बोलणं ऐकून वरचा थवा उतरतो. सगळी मदार शिट्टीवर. म्हणून सराव घरातच चालायचा. मी बटाटे सोलत असताना, पाहुण्यांसमोर, माझ्या आईला पुरून आल्यावर कॉफी पितानासुद्धा. मी कानांत बोळे घातले, माहेरी जायची धमकी दिली. काही उपयोग झाला नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्याला अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, पण तोंडाची डावी बाजू सैलच राहिली. शिट्टी ओठांत धरली की कडेने नुसती हवा. "संपलं आपलं," म्हणत त्याने ती चमच्यांच्या खणात टाकली. थवे आले तरी खिडकीकडे पाठ करून बसायचा. आपले हंस कुणाला तरी देऊन टाक, म्हणाला. घर शांत झालं आणि मला ती शांतता सोसवेना.

कड्या घालणारी रिन्स्के विचारपूस करायला आली, तेव्हा मीच सांगून टाकलं, "शनिवारी ये. आम्ही असू कुरणात."

"आम्ही म्हणजे कोण?" हिल्केने विचारलं.

"दोर तू ओढायचास. फुंकीन मी."

"तुला काय येतंय!"

"इतकी वर्षं माझ्या डोक्यावर वाजवलीस. आता भिंतींनासुद्धा येत असेल."

शनिवारी खोपटात आम्ही गुडघ्याला गुडघा लावून बसलो. आज जमलं नाही, तर हा माणूस पुन्हा कुरणात पाऊल ठेवणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

थवा दिसला. मी फुंकलं, पण पहिला सूर फाटला.

"घाई नको," तो पुटपुटला.

दुसऱ्यांदा मात्र आमच्या म्हाताऱ्या हंसीने मान वर करून साद दिली, मग बाकीच्यांनीही. थवा वळला, एक फेरी मारून खाली आला आणि जाळ्याच्या टप्प्यात अगदी मधोमध उतरला.

"ओढ!" मी कुजबुजले. दोर त्याच्या हातात तसाच. "अरे, ओढ ना!"

हंस निवांत चरले, चालत चालत पुढे गेले आणि उडाले. बांधाआड दबा धरून बसलेल्या रिन्स्केने कपाळावर हात मारून घेतला. मी त्याचा हात धरला.

"हात चालेना का रे?"

त्याने माझी बोटं दाबली, चांगली दुखेपर्यंत. त्याचे डोळे भरले होते.

"हात ठीक आहे," तो म्हणाला. "ऐकत बसलो गं. परत वाजव. शेवटचा सूर जरा लांबव."