बाळाच्या डोक्यावरचं पाणी

आम्ही सावंतवाडीकडून निघालो तेव्हा सासूबायनं मला एकच गोष्ट बजावली होती, तुम्ही घेतलेल्या खोलीशेजारी किरिस्तांव आहेत, त्यांना बाळाच्या डोक्याला पाणी लावू देऊ नकोस, लावलं की पोर त्यांचं झालं. मी सातवीपर्यंत शिकलेली, मला खरंच वाटलं. पेडण्यात आलो, पोरगा आठ महिन्यांचा, माझा घोव खाणीच्या ट्रकावर, चार-चार दिवस घरी नाही.

शेजारची आंटी रविवारी म्हापशाकडे एका मोठ्या हॉलात प्रार्थनेला जायची, तिथं म्हणे भिंतीएवढा पडदा आणि खुर्च्याच खुर्च्या. पण बुधवारी तिच्याच पडवीत सात-आठ जणं बसायची. हॉलातून त्यांना सांगणं होतं, आपापल्या वाड्याकडे बघा. म्हणून कामावर गेलेल्यांच्या कळशा आंटी नळावर भरून ठेवायची, मागच्या एकट्या म्हाताऱ्याचे पाय धुवायची, नखंसुद्धा कापायची. मी खोलीच्या जनेलातून बघायचे. आवडायचं, आणि भीतीपण वाटायची.

एका दुपारी बाळाला ताप भरला, अंग तव्यासारखं, पोर मान टाकायला लागलं, घोवाचा फोन लागेना, मी दारात नुसती रडते. आंटी धावत आली, त्याला मांडीवर घेतलं, आपल्या मुलीला रिक्षा आणायला सांगितलं, आणि तांब्यात फडका बुडवून सरळ कपाळाकडे नेला. मी तांब्याच उडवला, सगळं पाणी माझ्या गाऊनवर.

"पाणी नको! तुमचं पाणी नको त्याला!"

आंटी बघतच राहिली, मग हसायलाच लागली. "आगो बाय, बाप्तिस्मा वाटला तुला? आमच्यात बाळांना देतच नाहीत. ही माझी बघ, बारा वर्षांची घोडी, अजून दिला नाही."

मुलगी रिक्षा थांबवून दारात आली होती, ती ओरडली, "मम्मी, घोडी काय म्हणतेस!"

"मोठी होऊन ती स्वतः म्हणाली तर घेईल, नाहीतर नाही. तिच्या वतीनं मी कोण बोलणार?" मग हळूच म्हणाली, "माझी आई जुन्या इगर्जीतली, मोठ्या चर्चमधली, तिथं तान्ह्या बाळालाच देतात. नातीला बाप्तिस्मा दिला नाही म्हणून बारा वर्षं माझ्या घरी आली नाही ती. पोटच्या पोरीला दिला नाही, तो तुझ्या पोराला चोरून देईन?"

बारा वर्षं आई नाही! माझी सासू दोन दिवस बोलली नाही तरी मला जेवण जात नाही.

तिनं परत पाणी आणलं, फडका माझ्या हातात दिला. "घे, तूच पूस."

रिक्षात मी पुसत राहिले, ती आम्हा दोघांना धरून बसली. डॉक्टरांनी औषध दिलं, संध्याकाळी घाम आला, ताप उतरला, आणि पोरगा आंटीच्या गाऊनचं बटण चोखायला लागला.

सासूबायचा फोन आला. "पाणीबिणी लावलं नाही ना गो त्यांनी?"

"नाही. आपल्या पोरीलासुद्धा लावत नाहीत."

"मग कसले गो ते किरिस्तांव?"

मला काय सांगता येतंय? म्हटलं, "चांगले."

परवा बाजारात जायचं होतं, बाळाची आंघोळ राहिली होती. पोराला आंटीकडे दिलं आणि म्हटलं, तुम्हीच घाला.