सात फ्लॉप्यांची चोरी

वाचकांनी कृपया सरसावून बसावं. कमकुवत हृदयाच्या मंडळींनी हवं तर आधी पाणी पिऊन यावं. माझ्या नोकरीतल्या सर्वांत भयंकर गुन्ह्याची हकिकत आज मी जाहीर करणार आहे. या गुन्ह्यात रक्त सांडलं नाही, सोनं गेलं नाही, कुणी फरार झालं नाही. चोरीला गेल्या त्या सात काळ्या, चौकोनी फ्लॉप्या. आणि फ्लॉपी म्हणजे काय, हे तपास अधिकाऱ्याला, म्हणजे मला, ठाऊक नव्हतं. ती घटना आठवली की अजून हसू फुटतं, आणि मागोमाग हायसं वाटतं.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी पालघर भागात फौजदार होतो. पावसाळा नुकताच सरला होता. शुक्रवारी सकाळची हजेरी आटोपून चहाचा कप तोंडाला लावतोय, तोच मुरब्याच्या एका मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष घामाघूम होऊन आले.

"साहेब, आमचा कॉम्प्युटर चोरला!"

"केवढा होता?"

"कॉम्प्युटर नाय साहेब. त्याच्या पोटातलं चोरलं."

ठाणे अंमलदारांचा पेन हवेतच थांबला. 'पोटातलं' हे स्टेशन डायरीत कसं लिहायचं?

हळूहळू उलगडा झाला. किनाऱ्यावर बोंबील सुकवायला बांबूच्या वलांड्या उभ्या करतात. कुणाची वलांडी कुठे, हे घराघराला वाटून दिलेलं असतं, आणि त्या जागांचं एक जुनं रजिस्टर संस्थेत होतं. अध्यक्षांना आधुनिकतेचा झटका आला. त्यांनी बोईसरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये अख्खं रजिस्टर टाइप करून सात फ्लॉप्यांवर उतरवून घेतलं, त्या एका खोक्यात घालून कपाटात ठेवल्या आणि जुनं रजिस्टर रद्दीत देऊन टाकायला सांगितलं. आता कपाट उघडलं तर फ्लॉप्या नाहीत. आणि सोमवारी तहसील कचेरीत एका जागेची सुनावणी!

जागा होती संस्थेच्या कचेरीत झाडलोट करणाऱ्या मावशींची. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली. शेजारचा एक बोटमालक म्हणत होता, ही जागा माझ्या बापाची. मावशींकडे कागद नव्हता. जागा गेली तर बोंबील सुकवायचे कुठे आणि वर्ष काढायचं कशावर? त्यांच्या बाजूचा एकमेव पुरावा त्या फ्लॉप्यांत होता. संशय अर्थातच बोटमालकावर. मी फिर्याद घेतली आणि मनातल्या मनात त्याला बेड्याही घातल्या.

शनिवारी दुपारी मात्र खबरी आला. हा खबरी चहा पिऊन झाल्याशिवाय खबर सोडत नसे. दोन कप झाल्यावर म्हणाला, "साहेब, खोका पदराखाली नेला. मावशीनं."

मी चक्रावलो. स्वतःच्या हक्काचा पुरावा कोण चोरेल? हवालदारांना घेऊन जीपने मुरबे गाठलं. अध्यक्ष होतेच. मावशी कचेरीच्या पायरीवर बसल्या होत्या. मी आवाज शक्य तेवढा खर्जात नेला.

"मावशी, कपाटातून काय नेलंत?"

"नेलं म्हंजे? मी काय चोर हाय? कुनी विचारलं तर सांगनार ना! तेंना पांढरी बुरशी धरलेली! तो बोईसरचा मास्तर काय बोललेला? ओल लागली तर सगलं जाईल. आनि यांनी कपाट ठेवलंय दर्याकडच्या भिंतीला. भिंत बघा, घाम फुटलाय तिला!"

"मग?"

"मग काय? पुसल्या आनि घातल्या वाळत."

"कुठे?"

मावशींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की पोलीस भरतीच्या परीक्षेत हा प्रश्न आला असता तर मी नापास झालो असतो. "वाळत कुठं घालतात? वलांडीवर!"

आम्ही किनाऱ्यावर धावलो. हारीने टांगलेल्या बोंबलांच्या मधोमध सात फ्लॉप्या दोरीला चिमटे लावून लटकल्या होत्या. दोन दिवसांच्या उन्हाने त्यांना झकास बाक आला होता. त्यातल्या एकीला एक कावळा मन लावून टोचत होता.

हवालदारांनी गंभीरपणे विचारलं, "मीठ लावलंत का, मावशी?"

"मीठ कशाला? खारवायच्या हायत काय? सुक्या ठेवायच्या हायत ना!"

रीतसर पंचनामा केला. 'बोंबलांच्या रांगेत मिळून आल्या' हे वाक्य लिहिताना दोन्ही पंच तोंड फिरवून हसत होते. तिथून थेट बोईसर. कॉम्प्युटर क्लासच्या मास्तराने एक फ्लॉपी दोन बोटांत धरली, वास घेतला आणि म्हणाला, "साहब, यह तो पापड़ बन गया."

"तुमच्या मशीनमध्ये दुसरी प्रत असेल ना?"

"थी साहब. जगह कम पड़ी, मिटा दी."

इथे माझं हसू आटलं. उद्या रविवार, परवा सुनावणी. मुरब्याला परत येऊन मावशींना सांगितलं. "म्हंजे मीच माजी जागा घालवली?" एवढंच बोलल्या. अध्यक्ष तिकडे कपाळाला हात लावून उभे.

पण एक गोष्ट माझ्या नजरेला खटकली. 'जुनं रजिस्टर रद्दीत दिलं' असं अध्यक्ष म्हणाले, तशी मावशींची नजर अध्यक्षांना टाळून जमिनीला चिकटली. चौकशीत माणसाच्या तोंडाकडे पाहावं तेवढंच, तो पाहायचं टाळतो त्या माणसाकडेही पाहावं. मी अध्यक्षांना पाणी आणायला पिटाळलं आणि म्हणालो, "मावशी, चोरीची फिर्याद आधीच घेतलेली आहे. आणखी काही नेलं असेल तर याच पंचनाम्यात बसवून टाकू. वेगळा कागद नको."

अध्यक्ष लांब गेल्याची त्यांनी खात्री केली. मग हलक्या आवाजात, "रद्दीवाल्याला मी पेपरची चळत दिली. जुनं आता चालनार नाय बोलले, पन आमचं नाव हाय त्यात, टाकवेना. अध्यक्षांना सांगू नका, नोकरी जाईल."

"आणि रजिस्टर?"

"चुलीवर."

माझा जीव टांगणीला लागला. पण चुलीवर म्हणजे चुलीवरच्या माळ्यावर! सुक्या मासळीच्या टोपल्यांशेजारी, कडुलिंबाचा पाला घालून, गोणपाटात बांधून. "धुरात कसर लागत नाय," मावशींनी समजावलं. रजिस्टर तांबूस झालं होतं, वास असा की हवालदारांना भूक लागली. पण अक्षर न् अक्षर जागेवर होतं. अध्यक्षांनी ते पाहिलं आणि नोकरीचा विषय काढण्याऐवजी मावशींना हात जोडले.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? दुसऱ्याच दिवशी मी आमच्या ठाण्याची रेकॉर्डची खोली उघडली. जुन्या डायऱ्यांना वाळवीने अशी नक्षी काढली होती की बघत राहावं. वाचल्या तेवढ्या ऊन दाखवून उंचावर ठेवल्या, महत्त्वाच्या नोंदींच्या नकला करून वेगळ्या कपाटात नेल्या. नवीन यंत्र आलं म्हणून जुना कागद फेकू नये. एक प्रत म्हणजे शून्य प्रत समजावी. आणि कागद सांभाळायला द्यायचा तर ज्याचं पोट त्यावर आहे त्याच्याकडे द्यावा. तो कुलपापेक्षा पक्का असतो. मावशींची पद्धत फ्लॉपीला मानवली नाही, हा दोष मी फ्लॉपीचाच मानतो.

सोमवारी तहसील कचेरीत मीही हजर राहिलो. रजिस्टर टेबलावर आलं, तसा तहसीलदार साहेबांनी रुमाल नाकाला लावला. बोटमालकाचे वकील तडक उठले. "हे रजिस्टर या बाईंच्याच घरातून आलंय. नोंद मागाहून घुसडलेली आहे. बनावट आहे!"

रजिस्टर मावशींच्या घरातून आलं होतं हे खरंच होतं, आणि पंचनामा तर मीच केला होता. मावशींनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. साहेबांनी पान उघडून नोंद मोठ्याने वाचली: जागा मावशींच्या सासऱ्यांची. खाली त्या वेळच्या चिटणिसांची सही, कुणालाच न लागणारी.

"बघा, सहीसुद्धा वाचता येत नाही," वकील म्हणाले.

बोटमालक कुतूहलाने टेबलावर वाकला. त्याने ओळींवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. चेहरा उजळला, आणि वकील त्याची बाही ओढत असतानाच तो सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असा ओरडला,

"अरे, ह्ये तर माज्या बापाचं अक्षर हाय!"