चौथं रहस्य

बाय गेल्याचं माझ्या भावानं, जोसेफनं, फोनवर सांगितलं, तेव्हा वसईत चर्चची संध्याकाळची घंटा अजून व्हायची होती. "फिलू गेली. दुपारी जरा पडते म्हणाली, ती उठलीच नाही," एवढंच तो बोलला आणि मग आम्ही दोघंही फोन कानाला लावून गप्प राहिलो... आमच्या घरात अशा गप्प राहण्याला फार जुना अर्थ आहे. तो सांगितल्याशिवाय माझी मोठी बहीण कोण होती, हे कुणाला कळायचं नाही. म्हणून आता, काही आठवडे उलटल्यावर, लिहायला बसले आहे.

आम्ही मूळचे वसईचे ख्रिस्ती. वडील खिदिरपूरच्या गोदीत माल मोजून नोंदणारे टॅली क्लार्क, म्हणून आमचं बिऱ्हाड कलकत्त्यात. देश स्वतंत्र झाला त्या पावसाळ्यात आई छातीच्या दुखण्यानं गेली. मी तेव्हा पाळण्यात होते, जोसेफ पंधरा वर्षांचा आणि फिलोमिना, म्हणजे आमची बाय, सतरा वर्षांची. मला मांडीवर घेऊनच तिनं शाळेची शेवटची परीक्षा दिली, असं ती म्हणायची, आणि पुढे चर्चच्या आवारातल्या शाळेत ती लहान मुलांना शिकवायला लागली. पहिल्या कम्युनियनसाठी, म्हणजे चर्चमध्ये पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याच्या विधीसाठी, मुलांची तयारी करून घेणं हे तिचं खास काम. वर्गात गोवेकर, बंगाली, तमिळ, अँग्लो-इंडियन, सगळ्यांची पोरं. समोर बसलेली मुलं आरशात बघितल्यासारखी नक्कल करतात, म्हणून मुलांचा उजवा हात उठावा यासाठी ती स्वतः डाव्या हातानं क्रूसाची खूण करायची. हेडमिस्ट्रेस सिस्टरना ते मुळीच आवडायचं नाही. नरकाची भीतीही तिनं कधी घातली नाही. देवाशी बोलताना रडू आलं तर रडायचं, जांभई आली तर द्यायची, असं ती मुलांना सांगायची.

रोज दिवेलागणीला घरी जपमाळ असायची. जपमाळेचे पाच भाग. प्रत्येकाला रहस्य म्हणतात. एकानं 'नमो मारिया'चा पहिला अर्धा भाग म्हणायचा, बाकीच्यांनी उरलेला म्हणून उत्तर द्यायचं, असं दहा वेळा. आमच्याकडे पहिलं रहस्य वडिलांचं, दुसरं बायचं, तिसरं जोसेफचं, चौथं आईचं आणि पाचवं सगळ्यांचं मिळून. आई गेल्यावरही चौथं तिचंच राहिलं. तिची पाळी आली की सगळे थांबायचे. वडील मान किंचित कलती करून डोळे मिटून बसायचे, आणि अर्धी प्रार्थना म्हणायला लागेल तेवढा वेळ गेला की तिघंही एकदम उत्तर द्यायचे. मग पुन्हा शांतता, पुन्हा उत्तर. मधेच गोदीतून एखाद्या बोटीचा भोंगा यायचा... मी त्या शांततेतच वाढले. प्रत्येक घरात असंच असतं, अशी माझी समजूत होती.

मी सात वर्षांची असताना खालच्या मजल्यावर एक बंगाली कुटुंब राहायला आलं. त्या घरच्या बाईंना मी मासीमा, म्हणजे मावशी, म्हणायचे. एकदा त्यांनी माझ्या हातावर नारळाचा लाडू ठेवला आणि सहज म्हणाल्या, "तोमार मायेर गला भारी मिष्टि." तुझ्या आईचा आवाज फार गोड आहे. संध्याकाळी वरून सगळ्यांचे आवाज येतात, पण शेवटाकडे तिचा येतो तेव्हा आपण हातातलं काम थांबवतो, असं त्या सांगत होत्या. खोकला मात्र बरा दिसत नाही, अंथरुणालाच खिळली आहे का, असंही त्यांनी विचारलं. भीती वाटायला हवी होती. पण मला वाटला तो मत्सर. माझ्या आईचा आवाज परक्या बाईला ऐकू येत होता आणि मी तो जन्मात ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पोटात दुखतं म्हणून मी जपमाळेतून उठले आणि खाली मासीमांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. वडिलांचा आवाज आला, मग बायचा, मग जोसेफचा. त्यानंतर मासीमांनी कढईतला झारा बाजूला ठेवला आणि बोट वर केलं. वरून एक बाईचा आवाज येत होता. मऊ, दमलेला, एकेका शब्दावर टेकत चाललेला. मधे खोकला. मग आमच्या घरच्यांचं उत्तर. मला एकही शब्द कळत नव्हता. मी जिना चढून धावत वर गेले. तिघंही नेहमीसारखे बसले होते, ओठ मिटून. खोलीत कसलाही आवाज नव्हता.

माझा चेहरा बघून बायनं मला गॅलरीत नेलं. मी तिला सगळं सांगितलं. ती रागावली नाही, हसलीही नाही. शब्द कोणते होते, एवढंच तिनं विचारलं. कळले नाहीत, मराठी होतं पण आपल्यासारखं नव्हतं, असं मी म्हटलं. बायनं कठडा घट्ट धरला. आई लहानपणी आजीकडून शिकली त्या जुन्या शब्दांतच प्रार्थना करायची, आमच्या गावच्या बोलीत. तसं म्हणणारं आता घरात कुणी नव्हतं आणि मला ते कुणी कधी सांगितलंही नव्हतं.

पुढच्या संध्याकाळी तिसरं रहस्य संपलं तशी बायनं आपली जपमाळ माझ्या हातात दिली आणि चौथं आजपासून अ‍ॅग्नेस म्हणेल, असं सांगितलं. वडिलांनी डोळे उघडले. माझ्या बायकोची जागा मोडायचा तुला काय अधिकार, असं ते तिला म्हणाले. इतक्या हळू आवाजात, की मला ते ओरडण्याहून वाईट वाटलं. दिवसभर गोदीत राबून ते ज्या क्षणासाठी घरी यायचे, तोच ती त्यांच्याकडून काढून घेत होती. पण बाय मागे हटली नाही.

"मेलेल्यांसाठी आपण प्रार्थना करायची असते, बाबा. त्यांच्याकडून करून घ्यायची नसते. मी रोज वर्गात हेच शिकवते."

मी म्हणणार नाही म्हणून रडले. मी बोलले तर आई बोलायची थांबेल, हे मला पक्कं कळलं होतं. बायनं मला जवळ ओढून कुशीत बसवलं आणि ती वाट बघत राहिली. शेवटी मी सुरुवात केली. उत्तर फक्त बाय आणि जोसेफ देत होते. वडील भिंतीकडे तोंड करून बसले होते. अर्ध्याहून जास्त मणी सरल्यावर त्यांचाही आवाज मिसळला, जाड, घोगरा... त्यानंतर चौथं रहस्य कायमचं माझं झालं.

काही दिवसांनी मासीमा जिन्यात भेटल्या. तुझी आई बरी झाली बघ, म्हणाल्या. खोकला गेला, आवाज अगदी तरुण मुलीसारखा झाला. मी ते बायला जाऊन सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि पदरात तोंड लपवून ती बराच वेळ रडली.

पुढे मी शिकले, लग्न होऊन वसईला आले. बाय कलकत्त्यातच राहिली, तिनं लग्न केलं नाही. मुलांच्या पिढ्या तिच्या हाताखालून गेल्या. वडिलांच्या दफनानंतर एकदाच, दफनभूमीतून परत येताना, मी तिला विचारलं, "बाय, तुला तेव्हा खरंच काही ऐकू यायचं नाही?"

ती चालत राहिली. मग म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून यायचं. तो आवाज दिवसेंदिवस थकत चालला होता, अ‍ॅग्नेस. आपण तिला झोपू देत नव्हतो."

बाय गेल्यावर मी कलकत्त्याला गेले. सातव्या दिवशी जोसेफच्या घरी जपमाळेला बसलो. पहिलं रहस्य जोसेफनं म्हटलं. दुसरं बायचं. कुणी काही बोललं नाही. जोसेफची मान, अगदी वडिलांसारखी, एका बाजूला कलली आणि त्यानं डोळे मिटले. पंखा फिरत होता. मीही कान दिला, कबूल करते... फार नाही, एक श्वासभर. मग मी शेजारी बसलेल्या जोसेफच्या नातीच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिला मराठी नीट येत नाही, प्रार्थना तेवढी बायनं तिच्याकडून घोकून घेतली होती.

"म्हण," मी म्हटलं. "थांबू नकोस."

आणि तिनं अडखळत सुरुवात केली.