देण्यातली साडी

माझं लग्न ठरलं तेव्हा आई पिशोरहून शहरात माझ्याकडं साडी घ्यायला आली. गावच्या शाळेत ती पोरांची खिचडी शिजवते. स्वतःच्या कमाईतून, स्वतःच्या पसंतीची साडी घेणार, असं तिनं फोनवरच बजावलं होतं.

गुलमंडीतल्या एका मोठ्या दुकानात शिरलो. गादीवर बसताना सेल्समननं आईच्या भेगाळलेल्या टाचा पाहिल्या आणि काही न विचारता एक गठ्ठा पुढं टाकला. भडक फुलांच्या, निसरड्या साड्या.

"मावशी, ह्या बघा. देण्याघेण्यात लई चालतात."

"देन्यातल्या नकोत. मला नेसायची हाय, लेकीच्या लग्नात."

शेजारी एक बाई तसल्याच साड्या निवडत होत्या. त्यांच्या पिशव्या धरून ड्रायव्हर दाराशी उभा. त्या अगदी मायेनं म्हणाल्या, "घ्या हो मावशी, टिकतात. आमच्या कामवालीला दर दिवाळीला मी हीच देते. आवडते तिला."

"इचारलं व्हतं का तिला?"

बाई गडबडल्या. "त्यात विचारायचं काय? आणि आम्ही तरी कुठं मोठे लोक? मध्यमवर्गीयच आपण सगळे."

आपण सगळे! माझं डोकंच फिरलं. ह्या शहरात नोकरी करताना पाहते, बंगलेवाले असोत की फ्लॅटवाले, जो तो स्वतःला मधलाच म्हणवतो. सगळेच मधले असतील, तर हा गठ्ठा माझ्याच आईपुढं का पडला?

मी ताडकन उठले. "चल आई, दुसरीकडं जाऊ."

"का म्हनून? दुकान उघडं हाय ना?" ती तिथंच मांडी ठोकून बसली. "वरच्या कप्प्यातली ती जांभळी काढ रे. अन् तिच्यामागची बी."

"मावशी, ती महाग आहे."

"किंमत इचारली का म्या?"

त्यानं काढली. आईनं पदर उजेडात धरला, काठ चिमटीत चोळला आणि बाजूला सारली. मग दुसरी, मग तिसरी. गादी भरली. बाई केव्हाच निघून गेल्या. शेवटी मालक स्वतः उठून आले, चहा विचारला. "चहा नको," आई म्हणाली, "हिरव्या काठाची दावा." ती मिळाल्यावरच आम्ही दुकानातून उतरलो.

लग्नात नवऱ्याकडच्या एका पाहुणीनं आईचा पदर हातात घेतला. "भारी आहे हो! कोणी घेतली?"

"कोन घेनार? म्याच."

मला वाटलं होतं, आता ती साडी ट्रंकेत जपून ठेवेल. पण सुट्टी संपून शाळा उघडली, त्याच दिवशी ती नेसून आई कामावर गेली. हेडमास्तर बघतच राहिले. "आज काय विशेष, बाई?"

"काय नाय," पदर खोचत आई म्हणाली. "खिचडी टाकायची हाय."