आईचं चुकणं

आई गेल्याचा फोन शाळेच्या ऑफिसात आला, तेव्हा मी सहावीच्या वर्गावर होते. त्याला आता सव्वा महिना झाला. तिच्याबद्दल लिहायचं म्हटलं, की बाबांबद्दलच लिहावं लागतं... तिचं शेवटच्या वर्षांतलं सगळं कामच ते होतं.

बाबा इंदूरच्या एका कापड मिलमध्ये हजेरीबाबू. फाटकावर दोन पाळ्यांची माणसं नावानिशी, बिल्ला नंबरानिशी ओळखायचे. मग शहरात नवी शोरूम उघडत गेली आणि मिलचा भोंगा कायमचा बंद झाला. बाबा घरात बसले ते बसलेच. बोलणं आटलं, मग विसरणं सुरू झालं. आज नळ उघडा, उद्या चष्मा हरवलेला. एकदा बडा गणपतीच्या देवळातून परत येताना आपलीच गल्ली सापडेना, तेव्हा आई फार घाबरली. डॉक्टर म्हणाले, मोठा आजार नाही, पण एकटं बसू देऊ नका, चालवा, बोलतं ठेवा, डोक्याला काम द्या. मी लगेच शाळेतला बाईपणा करून घरभर आठवणीच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. आईनं दुसऱ्या दिवशी सगळ्या काढल्या. म्हणाली, "सगळं भिंतीनंच लक्षात ठेवायचं, तर ह्यांनी काय करायचं?"

ती रोज संध्याकाळी बाबांना नदीकाठच्या जुन्या दगडी समाध्यांपर्यंत, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंत चालत न्यायची. तिथे पायऱ्यांवर बसून मिलच्या गोष्टी काढायची, त्याही चुकीच्या. मिलमधला चंपालाल कताईत, सूत काततात त्या खात्यात होता म्हणायची. बाबा उखडायचे, अरे, कताईत थोडी ना, बुनाईत होता, मागावर, बिल्ला चारशे बारा! आणि तिथून चंपालालच्या वरातीत पोचायचे. मला वाटलं, आता आईचंच डोकं चालेनासं झालं. एका रविवारी मीही बरोबर गेले आणि बाबांच्या देखत तिला टोकलं, बुनाईत गं आई, किती वेळा सांगायचं. बाबांचं तोंडाशी आलेलं वाक्य तिथेच राहिलं. घरी आल्यावर आई हळूच म्हणाली, "ती चूक ह्यांच्यासाठी होती. तू कशाला उचललीस?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबा हळूहळू माणसांत आले. गल्ली पुन्हा कधी चुकली नाही. आणि एका सकाळी धडधाकट आईच गेली. बाबा परत गप्प... सव्वा महिन्यात दहा वाक्यंसुद्धा नाहीत. हे पुन्हा हातचे जातात की काय, या धास्तीनं मी परवा त्यांना छत्र्यांवर घेऊन गेले. पायऱ्यांवर बसलो. मग मी धीर करून म्हटलं, "बाबा, तो चंपालाल कताईत होता ना?"

ते नदीकडे बघत म्हणाले, "तुझी आई मुद्दाम चुकायची. मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं."

"मग तिला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं, तर तिनं चुकणं सोडलं असतं ना."

त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून बसले. "चल, आता दुसरं काही तरी चूक. चंपालाल झाला."

मला एकही चूक सुचेना. आईला रोज कशी सुचायची, कोण जाणे.